टेस्टिंगवाले मामू

१० जानेवारीची गोष्ट. मेडशीला माहेरी संक्रांतीचे तीळ निवडत होते. शेजारच्या मुमानी, म्हणजे मामूंची बायको, आल्या. "कालपासून मामूले काहीच आयकू येऊन नाई राह्यलं. उजवा कान तर कवाच गेला, आता डावा बी." मी सूप खाली ठेवलं.

मामू म्हणजे आमच्या गावचे साउंडवाले. लग्न कुणाचंही असो, भोंगे आणि बॉक्स त्यांचेच. पण बॉक्स तपासताना ते "हॅलो, हॅलो" कधी करत नसत. अमेरिकेतल्या एका काळ्या गायिकेचं जुनं गाणं लावत. शब्द गावात कुणालाच कळत नव्हते, मामूंनाही नाही. मात्र भोंगे बसेपर्यंत स्वयंपाक होत आलेला असे, त्यामुळे ते गाणं लागलं की पंगत, असं पंचक्रोशीने ठरवून टाकलं होतं. माझ्या लग्नात लाइट उशिरा, ऐन मुहूर्ताला आली. मामूंनी गाणं लावलं आणि अक्षता पडायच्या आधीच किन्हीराजाहून आलेले वऱ्हाडी पानावर बसले. माझे काका भांडायला गेले, तर मामू म्हणाले, "भाऊ, गाणं मी लावलं. बसले ते."

एका मोडक्या ॲम्प्लिफायरसोबत अकोल्याच्या भंगारवाल्याने त्यांना खोकंभर तबकड्या दिल्या होत्या. ब्लूज, सोल, फंक, सगळी काळ्या अमेरिकनांची गाणी. दुपारी काम नसलं की ते त्या लावत आणि शाळेतून येताना मी त्यांच्या ओट्यावर टेकत असे. "मामू, हा गडी एकच ओळ दोनदा काहून म्हणते?"

"पहिल्या खेपेले कोनी आयकते काय? तुई मायच पाह्य, तुले किती खेपा आवाज देते!"

त्या गायिकेबद्दल मात्र ते अदबीने बोलत. "बॉक्स फाडाची ताकद हाये तिच्यात, पन पहिले कुजबुजते. घाई नाई." फंक लागलं की मला उठवत. "हे बसून आयकाचं नाई. पाय हालले तर गाणं चांगलं. नाई हालले तर पाय डॉक्टरले दाखव." चांगलं गाणं कसं ओळखायचं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

मी त्यांना एसटीने अकोल्याला नेलं. वाटभर ते खिडकीबाहेर पाहत होते. स्टँडवर उतरताना अख्ख्या गर्दीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरी, ते खोकं तुह्या घरी नेजो. मले आता काय कामाचं?" मी हातानेच गप्प राहा म्हटलं.

डॉक्टरांनी डाव्या कानात पाहिलं, औषध टाकून थांबवलं, मग पिचकारी मारली. ताटलीत मळाचा काळा गोळा पडला. "आता येतं का ऐकू?" डॉक्टर जोरात म्हणाले.

"येते ना," मामू म्हणाले. "ओरडता काहून?"

मी बाकावर बसले आणि हसत सुटले. उजवा कान परत येणार नव्हता आणि डावा राखायचा तर यापुढे बॉक्सशेजारी उभं राहणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मामूंनी वाद घातला नाही. "सेट पुतन्या सांभाळन."

परतताना मीच विचारलं, "पण मामू, एका कानानं गाणं अर्धंच आयकू येईन ना?"

"अवं, त्या जुन्या लोकायनं एकाच माईकपुढं उभं राहून गायलं. एका माईकातून गेलं, एका कानात येते. पुरं गाणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तबकड्यांचं मशीन खाटेच्या उजवीकडे होतं, म्हणजे गेलेल्या कानाकडे. ते डाव्या कानाकडे यावं म्हणून मी खाट ओढून आडवी केली. मुमानी चुलीपासून ओरडल्या, "अवं बाई, पाय पश्चिमेकडं? मक्केकडं, काब्याकडं?" मी खाट होती तशी लावली, मशीन उचलून डावीकडे ठेवलं, वायर पुरेना म्हणून एक्स्टेंशन बोर्ड आणायला बाजारात गेले.