सावकाशबाई

आमच्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमना सगळी मुलं ‘सावकाशबाई’ म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. एक प्रश्न विचारायच्या आणि मग गप्प बसायच्या, इतका वेळ की समोरच्याला राहवायचं नाही आणि पोटातलं सगळं भडाभडा बाहेर यायचं. काच फोडल्याबद्दल बोलावलेल्या भल्याभल्यांनी तिथे न विचारलेले गुन्हेही कबूल केले होते. त्यांची खोली म्हणजे प्रयोगशाळेचा कपाटं लावून वेगळा काढलेला कोपरा. दोन खुर्च्या समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. दोन्हींची तोंडं खिडकीतून सायकल स्टँडकडे. “डोळ्यांत डोळे घालून कुणी खरं बोलतं का?” असं त्यांचं म्हणणं.

आज मी पूल बांधते. घरात कुणी इंजिनियर होतं का, असं लोक विचारतात. मी म्हणते, नव्हतं, शाळेत सावकाशबाई होत्या. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ दे.

माझ्या आईबाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. बाबा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतात. तिथल्या करवतीला सगळे कामगार शिव्या घालतात, बाबा तेवढे मजेत असतात. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते. मला कळायला लागलं तेव्हापासून दोघांच्या वतीने मीच बोलायची. डॉक्टर, घरमालक, वीज कंपनी, सगळीकडे मी मध्ये उभी. आईच्या पोटदुखीबद्दल डॉक्टर मला सांगायचे आणि मी हातांच्या खुणांनी आईला. प्राथमिक शाळेतली पोरगी मी, पण रुबाब असा की घर माझ्याच जिवावर चाललंय.

दहावीत पालकसभा झाली. विज्ञानाचे मिशीवाले सर भरभरून बोलले. लांबच्या शहरात एक निवासी कॉलेज आहे, निवड परीक्षा कठीण असते, आपल्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नाही, पण ही जाईल, हिला पाठवाच. मी आईबाबांकडे वळले आणि खुणा केल्या, “सर म्हणतात, अभ्यास बरा आहे.”

आईबाबांनी समाधानाने माना डोलावल्या. सर बिचारे आनंदाश्रूंची वाट बघत राहिले. दाराशी सावकाशबाई उभ्या होत्या. एवढं लांबलचक बोलणं दोन खुणांत कसं मावलं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. “काय सांगितलंस घरच्यांना?” एवढंच विचारलं आणि सायकली बघत बसल्या.

मी बराच वेळ तग धरला, मग फुटलेच. “मला नाही जायचं. मी गेले तर त्यांच्या वतीने कोण बोलणार?”

“त्यांना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? ते जा म्हणतील!”

त्या परत सायकलींकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मला शिकव ना तुमच्या खुणा.”

“तुम्हाला नाही जमणार,” मी तोडून टाकलं. सावकाशबाईंना जमेपर्यंत माझी दहावी संपली असती.

त्यांनी वाद घातला नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला गाठलं आणि संध्याकाळी तिच्याकडे जायला लागल्या. बसस्टॉपवर त्यांचे हात चालू असायचे आणि आजूबाजूचे लोक हळूच चार पावलं लांब सरकायचे. शिपाईकाकांनी तर मुख्याध्यापकांकडे जाऊन काळजी व्यक्त केली, “मॅडम एकट्याच बसून माश्या मारतात हो. पण खोलीत माशी नाहीये.”

निवड परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी आईबाबांना बोलावलं. प्रयोगशाळेतून दोन स्टुलं आणली. मी सवयीने मध्ये जाऊन उभी राहिले.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “आज तू फक्त मुलगी.”

आणि त्या हातांनी बोलायला लागल्या. अडखळत, चुकत, मध्येच सगळं पुसून पुन्हा. एका ठिकाणी बाबांनी त्यांचं बोट धरून नीट वाकवून दिलं. त्यांनी मान हलवली आणि वाक्य पहिल्यापासून केलं. सर जे जे बोलले होते ते सगळं त्यांनी सांगितलं, एक शब्द गाळला नाही. माझे हात मांडीवर नुसते पडून होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक माझ्यासमोर दुसरं कुणीतरी माझ्या आईबाबांना सांगत होतं.

बाबांनी खूण केली, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, पुन्हा. त्यांना पहिल्याच वेळी समजलं होतं, मी ओळखते ना त्यांना. त्यांना ते परत परत बघायचं होतं.

आई मात्र भडकली होती. तिचे हात चालायला लागले की मध्ये कुणाची टाप नसते.

“हे लपवलंस आमच्यापासून?”

“तुमच्या वतीने कोण बोलणार?” मी विचारलं.

“तू जन्मायच्या आधी कोण बोलत होतं? नोकऱ्या मिळवल्या, लग्न केलं, घर शोधलं. तुला जन्म दिला तेव्हा दवाखान्यात मीच होते ना? तू नव्हतीस मध्ये उभी!” मग तिचे हात हळू झाले. “आम्हाला मुलगी हवी होती. कान नको होते.”

मला रडू आलं ते आलंच. आईने माझी हनुवटी धरून वर केली आणि विचारलं, “तुला जायचंय का?”

मी सवयीने सावकाशबाईंकडे वळले. “मॅडम, आई विचारतेय, जायचंय का...”

“कळलं मला,” त्या म्हणाल्या. “प्रश्न तुला आहे.”

आणि त्या गप्प बसल्या, त्यांच्या पद्धतीने. आईपण थांबली. बाबापण. माझ्याकडून कुणाला कुणाचा निरोप नको होता. तिघांना फक्त माझं उत्तर हवं होतं.

मी हातांनी ‘हो’ म्हटलं. मग मोठ्याने, तोंडानेही म्हटलं.