लशीचा निकाल

लातूरहून पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली." मी आधी विचारलं, "फ्लूनं?" "नाही, हृदयविकारानं." …आणि अशा बातमीला न शोभणारं समाधान मला वाटलं. नलिनीवहिनी फ्लूला वर्षानुवर्षं चकवत आल्या होत्या.

भूकंपानंतर छावण्यांत लसी टोचायला त्या नांदेडहून लातूरला आल्या आणि दादाशी लग्न करून तिथेच राहिल्या. रक्ततपासणीच्या डॉक्टर. फ्लूची लस टोचण्याआधी आणि नंतर माणसांचं रक्त तपासून, कोणाच्या अंगात किती प्रतिकारशक्ती तयार झाली हे पाहणं, हा पुढे त्यांचा ध्यासच झाला. तोवर लातुरात क्लासेसचा सुकाळ झालेला; चौकाचौकात गुणवंतांचे फोटो देवांपेक्षा मोठे. अशाच एका क्लासच्या संचालकांनी लसीकरणाचं शिबिर भरवलं. शाल, नारळ, तुतारी आणि वर फलक, 'शंभर टक्के संरक्षण!' वहिनींनी माइक घेतला. "लशीचा निकाल शंभर टक्के लागत नाही. तुमचा कसा लागतो, ते तुम्हीच जाणा." टाळ्या पोरांनीच वाजवल्या. मग त्यांनी नीट समजावलं: शिकवणी एकच असली तरी डोकी वेगळी, तसंच रक्ताचं. आईबापांकडून आलेली जनुकं, वय, चालू असलेली औषधं… शिवाय रक्ताला जुन्या फ्लूची आठवण असते. ती कधी मदतीला येते, कधी नव्या धड्याच्या आड.

त्यांनी स्वतःचंही रक्त तपासलं होतं. नापास! फुप्फुसं आधीच नाजूक, म्हणजे साधा फ्लूही जिवावर बेतणारा. लस लागू का पडत नाही, संधिवाताच्या औषधांमुळे की जनुकांमुळे, हे त्यांनाही शेवटपर्यंत उलगडलं नाही. तरी दरवर्षी टोचून घ्यायच्या. "नापासानं परीक्षा सोडायची नसते, भाऊजी." आणि आम्हा सगळ्यांना, अख्ख्या गल्लीला टोचून घ्यायला लावायच्या. समोरचे किराणावाले महादप्पा एकदा वैतागले, "डाक्टरीणबाई, तुमाला सोताला लागू पडंना, अन् आमाला कशाला टोचायलात?"

"तुम्हाला लागू पडली, तर तुमचा खोकला माझ्यापर्यंत येणार नाही, महादप्पा. माझी लस तुमच्या दंडात आहे."

महादप्पांनी बाही वर केली…

परवा लातूरला गेलो, तर दवाखान्यात महादप्पा लशीच्या रांगेत बसलेले. "आता तर वहिनी नाहीत," मी म्हणालो.

"दुकानात दिसभर मान्सं येतेत, भाऊसाहेब," ते म्हणाले. "कुनाचं रगत नापास हाय, तोंडावर लिवलेलं असतंय का?"