साडूभाऊंचे पाच थेंब

ज्याच्या नाकाला आजवर कोणी फसवू शकलं नाही, असा उभ्या खानदेशात मी एकच माणूस पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते नाक दिसायला साधंच आहे, पण आमच्या जळगावच्या घराच्या फाटकाशी आलं की स्वयंपाकघरात बायको सावध होते. साडूभाऊ तिला धाकट्या बहिणीचा नवरा या नात्याने अक्का म्हणतात. चपला काढता काढता सुरुवात होते, "अक्का, दूध खाली लागलं का?" दूध खरंच लागलेलं असतं. मग पुढे येऊन मला म्हणतात, "आणि तुम्ही आज पुन्हा कालचाच सदरा घातलाय." पाहुणा आला म्हणून आनंद मानावा की तपासणी आली म्हणून उभं राहावं, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

या माणसाच्या नावावर आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट चिकटली आहे, आणि ती खोटी आहे. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी कूलरमध्ये सुगंधी तेलाची अख्खी बाटली ओतली, हीच ती गोष्ट. ती खोटी आहे हे दोनच माणसांना माहीत आहे, एक मी आणि दुसरे ते. मी आता अठ्ठ्याहत्तरीत आहे, म्हणून ही दुरुस्ती आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पण माणूस कसा आहे हे कळल्याशिवाय ती गोष्ट किती खोटी आहे ते कळणार नाही, म्हणून आधी माणूस सांगतो.

त्यांनी धुळ्याच्या एका दूध डेअरीत सगळी नोकरी काढली. सकाळी गावोगावचे दुधाचे कॅन यायचे. झाकण उघडलं की हे वाकून एक श्वास घ्यायचे आणि हात डावीकडे किंवा उजवीकडे करायचे. डावीकडचं दूध आत जायचं, उजवीकडचं परत. फॅट मोजायचं काम नंतर, आधी नाक. मापाच्या नळीत दूध घेताना ते श्वाससुद्धा रोखून धरत, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला तेव्हा आभाराचं भाषण करायचं सोडून ते शेजारच्या साहेबांना म्हणाले, "गुलाब कालचा आहे." घरी बसल्यावर त्या नाकाला काम उरलं नाही. माझी मेहुणी म्हणायची, "मी फोडणी टाकली तरी हे दारात उभे. मोहरी जळाली का, विचारायला!" मग कुठून तरी सुगंधी तेलांचा नाद लागला आणि मेहुणी सुटली, पण आम्ही सगळे सापडलो.

खांद्याला एक कापडी पिशवी आली. तिच्यात बोटाएवढ्या गडद रंगाच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर बाटली उघडल्याची तारीख. कोणी "अत्तरं विकता का?" म्हणालं की त्यांना राग यायचा. "अत्तर दुसऱ्यासाठी लावतात, हे आपल्यासाठी असतं," असं म्हणून ते समोरच्याला खाली बसवत आणि पहिल्यापासून शिकवत. झोप येत नसेल तर लव्हेंडर, दोन थेंब रुमालावर, रुमाल उशीजवळ. डोकं जड असेल तर पुदिना. सर्दीला निलगिरी, पण गरम पाण्याच्या भांड्यात, आणि डोळे मिटून. घर कुबट झालं तर गवती चहा. मग नियम यायचे. नुसतं तेल अंगाला लावायचं नाही, खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात मिसळायचं. पोटात घ्यायचं नाही. लहान लेकरांजवळ न्यायचं नाही. ज्याला दमा आहे त्याच्यापासून लांब. आणि औषध म्हणून तर नाहीच, डॉक्टर तो डॉक्टर. एवढं ऐकून झाल्यावर ज्याचं डोकं आधी दुखत नव्हतं त्याचंही दुखायला लागायचं.

एकदा माझंच दुखत होतं. म्हटलं, चला, यांचा थोडा उपयोग करून घेऊ. त्यांनी चमचाभर तिळाच्या तेलात पुदिन्याचा एक थेंब टाकला, माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि म्हणाले, "आता उद्या बघू."

"उद्या? डोकं आज दुखतंय, साडूभाऊ."

"आज कातडीला चालतं का ते बघायचं. आजच्या डोक्याला गोळी घ्या. उद्यापासून डोकं माझ्याकडे."

तेल खरं की भेसळीचं, हे ते कागदावर थेंब टाकून बघत. थेंब वाळल्यावर डाग राहिला तर भेसळ. त्या नादात घरातला एक कागद कोरा राहिला नाही. विजेच्या बिलावर डाग, पंचांगावर डाग. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका धुळ्याला पोचली, तेव्हा तिच्यावरही मुहूर्ताच्या ओळीशेजारी त्यांनी एक थेंब टाकला आणि मला फोन केला, "डाग नाही राहिला. चांगला शकुन आहे." मी वैतागून फोन ठेवला. वैताग खरा होता. असोद्याला शेतात भरीत-पार्टी होती तेव्हाही सगळे जेवायला बसले आणि हे कपाशीच्या काड्यांच्या जाळापाशी उभे, वांगी भाजताना वर येणारा धूर हुंगत. "याच्यापुढे माझ्या बाटल्या म्हणजे पाणी," म्हणाले. आमचं जेवण झालं तरी त्यांचा वास घेऊन झाला नव्हता.

आता ते लग्न. मे महिना, जळगाव, आणि पाचोऱ्याहून आलेले वऱ्हाडी. कार्यालयात व्याह्यांच्या बैठकीमागे मोठा कूलर होता, वर्षभर बंद पडलेला. सुरू केला तसा ओल्या गवताचा कुजका वास आला. मी मुलीचा बाप, माझ्या तोंडचं पाणी पळालं. साडूभाऊ म्हणाले, "घाबरू नका. टाकी मोठी आहे. पुदिन्याचे पाच थेंब पुरे, आणि तेही पाहुणे बसायच्या आधी. मी वऱ्हाड उतरवून घेतो आणि येऊन टाकतो. तुम्ही हात लावू नका." पिशवी खुर्चीवर ठेवून ते फाटकाकडे गेले.

वऱ्हाड दुसऱ्या दाराने आत आलं आणि थेट कूलरसमोर बसलं. व्याह्यांनी नाकाला उपरणं लावलेलं मी पाहिलं. मग मला राहवेना. पिशवीतून बाटली काढली, मागे जाऊन पाच थेंब टाकले. वास तसाच. आणखी दहा टाकले. पाच थेंबांनी काय होतं, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. या माणसाची सगळी मापं मला वेड्यासारखी वाटत. मी तोंडातलं थेंब पाडायचं बूच उपसलं आणि बाटली उपडी केली. ती त्यांच्याकडची सगळ्यात मोठी बाटली होती.

थंड वाऱ्याची झुळूक गेली आणि पहिल्या रांगेने डोळ्यांना रुमाल लावले. मग दुसऱ्या रांगेने. कोणी शिंकतंय, कोणी बाहेर पळतंय, फोटोवाला डोळे मिटून फोटो काढतोय. नवरदेवाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खेड्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हाई काय शे वो माय! नवरीना आधी नवरदेव रडी ऱ्हायना!" लोक हसले. पण नवरदेवाच्या आजीला जुना दमा होता. तिचा श्वास अडकायला लागला, तिला उचलून मोकळ्या हवेत नेलं, तिथून गाडीतून डॉक्टरांकडे. तासाभराने ती बरी होऊन परत आली, पण तो तास मी कसा काढला ते मला माहीत. व्याही उठून उभे राहिले. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. मंडपातली सगळी डोकी एकाच माणसाकडे वळली. पिशवी त्याचीच होती.

साडूभाऊ गर्दीतून आत आले. एक श्वास घेतला. मग व्याह्यांकडे न जाता माझ्याकडे आले, धीर देतात तसे माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि क्षणभर मान खाली घातली. नंतर वळून हात जोडले. "माझ्याकडून माप चुकलं," ते म्हणाले. "यांचा काही दोष नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. लग्न लागू दे, मग सांगू, असं वाटलं. मग मुलगी सासरी रुळू दे, मग सांगू. त्या दिवसापासून त्यांच्या खांद्यावरची पिशवी गेली. दोन थेंबांच्या जागी तीन पडले तर रुमाल धुवायला टाकणारा माणूस, तो बाटली ओतणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रत्येक कार्यात कोणीतरी म्हणायचंच, "काकांना कूलरपासून लांब बसवा रे!" सगळे हसायचे. मी पण हसायचो. ते माझ्याकडे बघून हसायचे. अशी बारा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्याच जावयाने त्यांना खेळण्यातला छोटा कूलर भेट दिला. टाळ्या पडल्या. साडूभाऊंनी तो हातात घेऊन उलटा केला, सेल कुठे घालायचे ते पाहिलं आणि म्हणाले, "टाकी लहान आहे. याला अर्धा थेंब." मला त्या दिवशी हसता आलं नाही.

चार दिवसांनी मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. मेहुणी बाजारात गेली होती, ते बरंच झालं. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुमचे हात धरले होते ना मी. कोपरापर्यंत पुदिना येत होता."

"मग बोलला का नाहीत, भल्या माणसा?"

"मुलीचा बाप होतात तुम्ही त्या दिवशी. व्याह्यांपुढे तुमची मान खाली गेली असती तर पोरीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. माझं काय, मला तसेही सगळे वेडाच समजत होते." मग म्हणाले, "तुम्ही नंतर सांगाल असं मात्र वाटलं होतं."

मी म्हणालो, "आता मी हे लिहून काढणार आहे. जावयाला, व्याह्यांना, सगळ्यांना देणार आहे."

"लिहा. पण पाच थेंब म्हणालो होतो, आणि तेही पाहुणे यायच्या आधी, हे नक्की लिहा. लोकांना वाटायचं, माणसं बसलेली असताना सोडायचं असतं." मी लिहिलं आहे.

मग त्यांनी कपाटातून ती पिशवी काढली. एकेक बाटली उघडून नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. "गेलं. हेही गेलं." कॅन उजवीकडे सारायचे, तसाच हात. शेवटची बाटली वाळ्याची होती. तिच्यापाशी ते बराच वेळ थांबले. "वाळा जुना झाला की आणखी चांगला होतो," म्हणाले आणि हात डावीकडे केला. कापसाच्या बोंडातून चिमूटभर कापूस घेतला, एक थेंब सोडला आणि तो फाया माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"एकच?" मी सवयीने म्हणालो. "टाका की आणखी एक."

त्यांनी टोपण घट्ट लावून बाटली माझ्यापासून लांब ठेवली.

परतीच्या गाडीत पारोळा मागे पडलं, एरंडोल मागे पडलं, तरी तो वास तसाच होता, पाणी मारलेल्या अंगणासारखा. मी दोन्ही हात नाकाशी नेऊन पाहिले. हातांना पुदिन्याचा कसलाच वास येत नव्हता. पण माझ्या नाकाचं काय खरं? निघताना त्यांच्यापुढे हात धरायला हवे होते, ते राहून गेलं.