फक्त ताईंसाठी

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटाकडे ठेवलं तर मी ते पुन्हा टाळेन, इतकं मी स्वतःला ओळखतो. आमच्या संकेतस्थळावर खासगी निरोपांची एक पेटी होती आणि तिच्यावर ‘फक्त ताईंसाठी’ असं लिहिलेलं होतं. त्या पेटीतला एक निरोप मी ऐकला आणि माइकसमोर बसून सगळ्यांना वाचून दाखवला. त्याचा दोष प्रमिलाताईंनी स्वतःवर घेतला, आणि मी तो त्यांना घेऊ दिला.

प्रमिलाताई साळवे गेल्या, त्याला आता काही आठवडे झाले. त्या सकाळी मी जालना रोडवर सिग्नलला थांबलो होतो. खिशातला फोन वाजला, पडद्यावर त्यांचं नाव होतं. मी फोन परत खिशात टाकला. नंतर करू, असं मनात म्हटलं... त्यांचा फोन आला की बरीच वर्षं मी असंच म्हणत आलो होतो. लगेच तो पुन्हा वाजला. या वेळी उचलला, तर बोलत होती त्यांची मुलगी, सुजाता. “दिलीपमामा, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं दोन-चार शब्द सुनावले, आणि मला गाडी पुढं घ्यायचंही सुचेना.

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल जोडून देण्यापासून सुरुवात करून त्या चौकशीच्या खिडकीवर निवृत्त झाल्या. आम्ही काही मित्रांनी औरंगपुऱ्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा मी त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी गेलो होतो. शिक्षण, आजारपण, कामधंदा, कायदा अशा विषयांवर साध्या बोलीत कार्यक्रम करायचे आणि ते फोनवर ऐकता येतील असे ठेवायचे, अशी आमची कल्पना होती. लोक अडले तर मदत कोण करणार, हा प्रश्न होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे पुन्हा चौकशीची खिडकीच की. पगार देणार नाहीस ते दिसतंय, चहा तरी चांगला ठेव.” चहा शेवटपर्यंत चांगला झाला नाही आणि त्यावरून त्यांनी मला शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, तो त्या आमच्याकडे शिकल्या, आणि शिकताना आमच्यावर भरपूर चिडल्या. पण माणसाशी बोलायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या कार्यक्रमाचा, म्हणजे पॉडकास्टचा, नवा भाग आपोआप फोनवर यावा म्हणून फीड जोडून घ्यावं लागतं. हे सांगताना आमची जीभ अडखळायची. ताई सांगायच्या, दुधाचा रतीब लावतो तसं समजा, एकदा लावला की रोज दारात. बजाजनगरच्या एका निवृत्त कामगाराची तक्रार होती की आमची निवेदिका फार घाबरलेली वाटते, कुणी मागं लागल्यासारखी बोलते. त्यांच्या फोनवर आवाजाचा वेग दुप्पट झाला होता. ताईंनी तो नीट करून दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, आता ती झोपेत बोलल्यासारखी वाटते. शेंद्र्याच्या एका बाईंच्या फोनला मध्येच आवाज येईनासा व्हायचा. पुष्कळ चौकशी केल्यावर ताईंच्या लक्षात आलं की फोन नवऱ्याच्या कानातल्या यंत्राला जोडला जातोय. बायकांच्या आरोग्यावरचे सगळे भाग ते गृहस्थ बाहेरच्या खोलीत बसून निमूटपणे ऐकत होते. “ऐकू दे की,” ताई त्या बाईंना म्हणाल्या, “फुकटात शहाणा व्हायलाय.”

गमतीचं सगळं त्या आम्हाला सांगत. खासगी पेटीतलं मात्र कधीच नाही. लोक तिथं आवाजातच निरोप ठेवायचे. सुरुवात नेहमी तांत्रिक अडचणीनं व्हायची, भाग उघडत नाही, आवाज अडकतो, आणि पुढं हळूच घरातलं काहीतरी निघायचं. ताई कानाला हेडफोन लावून ऐकायच्या, उत्तर द्यायच्या आणि निरोप पुसून टाकायच्या. एकदा मी म्हटलं, ताई, यात कार्यक्रमासाठी केवढा ऐवज आहे. त्या म्हणाल्या, एक्स्चेंजमध्ये आम्हाला सगळं ऐकू यायचं, दिलीप. जोडून दिलं की कान काढून घ्यायचा. जिला तेवढं जमत नसेल तिनं त्या खुर्चीवर बसू नये.

मला ते जमलं नाही. सुजाताच्या बाळंतपणासाठी ताई नांदेडला गेल्या. जाताना पेटीचा पासवर्ड मला दिला आणि बजावलं, तांत्रिक असेल तेवढंच बघ. बाकीचं दिसलं तर मी येईपर्यंत तसंच राहू दे. त्याच आठवड्यात एका पाहुण्यांनी ऐनवेळी नकार दिला आणि आमच्याकडे पुढच्या भागासाठी काहीच नव्हतं. मी पेटी उघडली. सिल्लोडकडच्या एका गावातून एका बाईचा निरोप आला होता. मुलींच्या वसतिगृहावरचा आमचा भाग तिला सापडत नव्हता. घरात मुलीचं लग्न ठरवत होते आणि हिनं घरच्यांना न सांगता तिचा नर्सिंगचा अर्ज भरला होता. हे कुणाला सांगू नका, असं ती दोनदा म्हणाली होती. आणि बोलता बोलता तिनं सांगितलं होतं की भाकरी करताना ती फोन पितळेच्या तपेल्यात उभा ठेवते, म्हणजे आवाज घुमतो आणि तव्यापाशी बसून नीट ऐकू येतं. (हे मी तिला विचारून लिहितोय. नाव-गाव नको, तपेल्याचं असू द्या, ते आता साऱ्या गावाला ठाऊकच हाय, असं ती म्हणाली.)

मी तो निरोप कागदावर उतरवून घेतला, नाव बदललं. गाव बदललं, जिल्हासुद्धा बदलला. आणि तपेलं तसंच ठेवलं. मला ते फार आवडलं होतं. तीस वर्षं लिहिण्या-बोलण्यात घालवलेल्या माणसाला असा तपशील हातचा सोडवत नाही... तो भाग लोकांना आवडला, मी दोन दिवस खुशीत होतो. पण त्या गावात आमचा कार्यक्रम ऐकणारी ती एकटी नव्हती, आणि तिची जाऊ तिच्या शेजारच्याच चुलीवर भाकरी करायची.

ताई नांदेडहून परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या दिराचा फोन आला. मी समोरच बसलो होतो, हातात चहाचा कप होता. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. बाईचा फोन काढून घेतला होता, मुलीचं पुढचं शिक्षण बंद झालं होतं, आणि आमच्या घरात काड्या घालायला तुम्हाला कुणी सांगितलं, असं तो विचारत होता. ताईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, “त्यांनी माझ्या भरवशावर सांगितलं होतं. चूक माझी झाली. मला त्यांच्याशी बोलू द्या.” बाई फोनवर आली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ताई नुसतं व्हय, व्हय म्हणत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, द्या इकडं, मी बोलतो. मी कप खालीसुद्धा ठेवला नाही.

फोन ठेवल्यावर मी कसंबसं म्हणालो, ताई, तुम्ही कशाला... त्या म्हणाल्या, किल्ली मी दिली ना, मग खुर्ची माझीच. नंतर त्यांनी पर्स उचलली आणि मला पहिल्यांदाच ‘साहेब’ म्हणाल्या. “येते, साहेब.” पुन्हा त्या आमच्या खोलीत आल्या नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

पुढं भेटी होत राहिल्या. एप्रिलमध्ये जयंतीला, कधी कुणाच्या लग्नात. दर वेळी मी ठरवून जायचो आणि दुसरंच काही बोलून यायचो. शेवटचा भेटलो तेव्हा त्या थकल्या होत्या, बोलताना दम लागत होता. मी त्यांच्या पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बराच वेळ बोललो. निघताना त्यांनी विचारलं, “त्या पोरीचं काय झालं, कळलं का रे?” मी नाही म्हणालो. खरं तर मी कधी शोधच घेतला नव्हता. ताई गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या फोटोसमोर वंदना चालू असताना माझ्या कानात तो एकच प्रश्न होता.

त्यानंतर मी मदतीचा फोन माझ्याकडे घेतला. प्रायश्चित्त वगैरे म्हणणार नाही, दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, हेही खरं. गेल्या आठवड्यात दुपारी एका बाईचा फोन आला. नवा मोबाइल आहे, लेकीनं घेऊन दिलाय, तुमचे भाग त्यात येत नाहीत. मी एकेक पायरी सांगत गेलो, ती करत गेली. फीड जोडलं गेलं. मग तिनं विचारलं, “तिथं एक बाई असायच्या, साळवेबाई. त्या हायत का?” ताई गेल्याचं मी सांगितलं. मग ती हळूहळू बोलू लागली आणि मला कळलं, ही कोण आहे ते. लेकीचं वर्ष वाया गेलं, पण ठरलेलं लग्न हिनं होऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी भावाला मध्ये घालून लेकीला शहरात धाडलं. आता ती दवाखान्यात नोकरीला आहे.

“बाईला मी लई वंगाळ बोलले होते,” ती म्हणाली. “तुमच्यावर इस्वास ठेवला हेच चुकलं म्हणले. त्या काय बी बोलल्या नाय. लेक नोकरीला लागली तवापासून वाटायलंय, एकदा फोन करावा, माफी मागावी. आता कुणाची मागू?”

“तुम्ही नका मागू,” मी म्हणालो. मग एकदाचं बोललो. “तुमचा निरोप साळवेबाईंनी कुणाला सांगितला नव्हता. त्या तेव्हा इथं नव्हत्याच. तो मी ऐकला, मी वाचून दाखवला. तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा मी त्यांच्या समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. माझं नाव दिलीप. तुमची, तुमच्या लेकीची आणि त्यांची, मी माफी मागतो.”