खंडेनवमीला पुजलेला चिमटा

डिझेलचा पाइप फिल्टरवरून काढायचा चिमटा ही काही हळद-कुंकू वाहायची वस्तू नव्हे, हे माझं आजही मत आहे. पण दुष्काळाच्या त्या साली आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनांना ते सांगणार कोण?

सोसायटीच्या गाडीवर टाकी बसवून गावाला पाणी आणत होते. ड्रायव्हरनं एकदा साध्या पकडीनं तो पाइप ओढला आणि त्याचा प्लास्टिकचा चाप मोडला. गाडी आठवडाभर दारात उभी. मग रीतसर सभा, ठराव, चहा, आणि एवढासा चिमटा आला. त्यानं चाप दोन्हीकडून दाबला की पाइप अलगद सुटायचा.

खंडेनवमीला चेअरमनांनी गाडीतली झाडून सगळी अवजारं उतरवून ऑफिसात पुजली. पुजलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. हार तर गाडीलाही घातला होता; पण पाणी आणणं हे काम नव्हे, सेवा, असं म्हणून तिला धाडली. सेवेतसुद्धा फिल्टर चोंदतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून परत आला. भरली टाकी मांजरसुंब्याच्या ढाब्यापाशी अडकली होती.

"चिमटा द्या, फिल्टर बदलतो."

"उद्या," चेअरमन म्हणाले. "आज पूजा मोडता येत न्हाई."

मी नुसता धुमसत राहिलो. आई पाण्याची वाट बघत तिथंच बसली होती. तिची म्हैस पहाटे व्याली होती आणि घरात घागरी पालथ्या. ती उठली, झेंडूची फुलं बाजूला सारली आणि चिमटा उचलला.

"वैनी, आवो पाप लागंल!"

"माझ्या नावावर घाला. म्हैस तान्हेली हाय, तिच्या घशात काय तुमचं हळद-कुकू वतू?"

चिमटा पदरानं पुसून तिनं ड्रायव्हरच्या हातात ठेवला आणि त्याला पिटाळलं.

दिवेलागणीच्या आत गाडी आली. सगळ्यांच्या पुढं कळशी घेऊन चेअरमन. आईनं त्यांच्या आधी टाकीच्या नळाखाली बादली सारली, भरली आणि म्हशीपुढं नेऊन ठेवली.

"वैनी, आमची येवडी कळशी..."

"तुमी तर उद्या म्हनला होतात की," आई म्हणाली.

म्हशीनं बादली चाटून पुसून मान वर केली. आई दुसरी भरायला आली, आणि चेअरमन कळशी घेऊन नळापासून बाजूला झाले.