अर्धा पेला चहा

शांती नगरात राहायला आलो तेव्हा आमच्याकडे चिनीमातीच्या कपांचा अख्खा संच होता. वर्षभरात त्यातल्या बशाच उरल्या. कप फोडणारी एकच, माझी धाकटी बहीण. तेव्हा ती बारावीला होती. सकाळी उठून चहाला बसली की तिचा हात एकदम उडायचा, मागून कुणी कोपराला धक्का द्यावा तसा, आणि कप भिंतीवर जायचा. कधी फणी उडायची, कधी दात घासायचा ब्रश. उन्हं वर आली की सगळं बंद. दिवसभर तिचा हात चारचौघांच्या हातासारखा वागायचा, त्यामुळे ती धांदरट आहे असं ठरवून टाकणं घरच्यांना सोपं गेलं.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" आई विचारायची.

"लक्ष कपातच असतं. हात निघून जातो."

आम्ही हसायचो. मग एकदा स्टोव्हपाशी उभी असताना तिच्या हातून उकळतं भांडं उडालं. ते तिच्या पायाशेजारी पडलं. त्यानंतर आईने स्टीलचे पेले काढले आणि चहा अर्धाच ओतायला लागली.

कारणं आपोआप जमा झाली. जो तो आपल्याजवळ असलेलं कारण देत होता. वरच्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "किसी की नजर लगी है, भाभी." नवघरहून येणारी कोळीण म्हणाली, "अंगात वारं शिरलंय, दुसरं काय न्हाय." नाक्यावरच्या डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब होत्या. त्यांनी वीकनेस म्हणून लाल इंजेक्शनं दिली. माझाही पाय झोप लागताना दचकतो, तसंच हे असेल, असा माझा शोध होता.

थोरल्या काकांचं कारण मात्र भारदस्त होतं. ते आमच्याच इमारतीत राहायचे, सोसायटीचे चेअरमन होते आणि टाकीच्या गळतीवर बोलतानाही राष्ट्राला उद्देशून बोलायचे. आईबाबांच्या लग्नानंतर कुलदेवीचा गोंधळ राहून गेला होता. "देणं पोरीच्या हातावर आलं," काका म्हणाले. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

गच्चीवर मांडव पडला, माइक आला. काकांनी नियम सांगितला: जिच्यासाठी गोंधळ, तिने रात्रभर डोळा मिटायचा नाही.

"तिच्याऐवजी मी जागलो तर?" मी विचारलं.

"हे प्रॉक्सीचं काम नाही." सोसायटीच्या मीटिंगला मात्र ते अर्ध्या इमारतीच्या प्रॉक्सी खिशात घेऊन बसायचे.

ती जागली. सकाळी आरती चालू असताना आईने तिच्या हातात पेला दिला आणि तो उडाला. मग दुसरा हात उडाला. मग दोन्ही, पुन्हा पुन्हा.

"दादा, हे थांबत नाहीये," ती मला म्हणाली आणि आडवी झाली. सगळं अंग ताठ झालं, मग थडथडू लागलं. कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली. संबळ वाजवणाऱ्याला कळायला वेळ लागला, तोवर तो वाजवतच होता.

शहरातल्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला गप्प बसवलं आणि तिलाच विचारलं.

"हात सकाळीच उडतात?"

"हो."

"काल रात्री झोपलीस?"

उत्तर बाबांनी दिलं. "जागरण होतं, डॉक्टर. हे बरं व्हावं म्हणूनच."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "झोप लागताना पाय सगळ्यांचेच दचकतात. उचकी हासुद्धा झटकाच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एखाद्या औषधाने, मूत्रपिंड बिघडल्याने, डोक्याला मार लागल्यानेही हात उडतात, तेही तपासू. पण या वयात, सकाळी, आणि जागरणानंतर फिट म्हणजे बहुतेक अपस्माराचा एक प्रकार. गोळी चुकवायची नाही आणि झोप तर अजिबात चुकवायची नाही."

डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखाने तेच सांगितलं. गोळी सुरू झाली, झटके कमी होत गेले.

काकांनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. आरती अर्धी राहिली, म्हणून देवी कोपली. गोंधळ पुन्हा घालायचा, पूर्ण. त्यांनी दिवसही ठरवून टाकला. बाबा नुसते ऐकत होते. मला त्या ऐकण्याचीच भीती वाटत होती.

ठरल्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर माइक खरखरत होता. बहीण काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, देवीला सांगा, मी खाली झोपल्येय."

"अगं पोरी, जिच्यासाठी गोंधळ..."

"मागच्या वेळी जागले, तेव्हा काय झालं ते तुम्ही बघितलंत."

काकांनी बाबांकडे पाहिलं. पुष्कळ वर्षं त्यांनी असं नुसतं पाहिलं की पुरायचं.

"ती झोपेल, दादा," बाबा म्हणाले. "मी जागतो."

"हे प्रॉक्सीचं..."

"प्रॉक्सीच समजा."

दार लावून ती झोपली. वर गोंधळ झाला. सकाळी काका आरतीचं तबक घेऊन खाली आले, तेव्हा ती चहाला बसत होती. आईने पेला अर्धा भरला. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. पेला ओठापर्यंत गेला, परत खाली आला.

"बघा," काका म्हणाले. काय बघायचं ते कुणी विचारलं नाही.

ती आता दुसऱ्या घरी असते, गोळी घेते. माहेरी आली की आई अजून अर्धाच पेला भरते, आणि सकाळी ती तो खाली ठेवेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोलत नाही.