महिला दिनाचं मलम

कापितोलिना पहाटे पाचला उठायची. मॉस्कोबाहेरच्या एका कारखान्यात ती अंतराळवीरांचे रबरी हातमोजे चिकटवायची. डिंक लावायचा, बोटाने दाबायचं, थांबायचं, परत दाबायचं. उद्या यानाबाहेर पोकळीत उतरणाऱ्या माणसाच्या हातमोज्याचा एक सांधा सुटला तर हवा जाणार, आणि माणूसही. तेलकट बोट लागलं की डिंक धरत नाही. म्हणून हिवाळ्यात हात फुटून रक्त आलं तरी मलम लावायचं नाही, हा तिथला कायदा.

महिला दिनाला लेकीने खाऊचे पैसे साठवून मलमाची डबी आणली आणि स्वतःच आईच्या भेगांत चोळली. नको म्हणवेना. दुसऱ्या दिवशी कापितोलिनाने साबणाने दोनदा हात धुतले आणि तेवढं पुरे, असं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी चिकटवलेला हातमोजा हवा भरून पाण्यात बुडवला, तर अंगठ्यापाशी बुडबुडे.

"हात माखून कोण आलंय?" मुकादम सावेली निकितिचने विचारलं.

हातमोजा दोघींनी मिळून केलेला, कापितोलिनाने आणि शेजारी बसणाऱ्या रिम्माने. रिम्मा नटवी. सगळ्या तिच्याकडेच बघू लागल्या. मुकादमाने तिचे हात नाकाशी धरले. पावडरीचा वास आला.

"मी ओठ रंगवते, निकितिच. ओठांनी चिकटवत नाही," रिम्मा म्हणाली. कुणी हसलं नाही. तिला गोदामात झाडायला धाडलं. कापितोलिनाचे हात हुंगावेत असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती नुसती बघत राहिली.

सुटीचा भोंगा झाल्यावर ती मुकादमापुढे उभी राहिली. "मलम माझ्या हाताला होतं."

"मग दिवसभर तोंडात काय धरलं होतंस?"



रिम्मा जागेवर परतली, झाडू कापितोलिनाकडे आला. रिम्मा एवढंच म्हणाली, "मलमाचं काही नाही गं, कापा. माझे हात हुंगत होते, तेव्हा तू बघत होतीस."

कापितोलिनाचा पगार घटला. त्यातूनच पोटाला चिमटा काढून वर्षभराने तिने टीव्ही घेतला, माणूस पहिल्यांदा यानाबाहेर पडला त्या वसंतात. शेजारीपाजारी जमले. रिम्माला बोलवायला ती स्वतः गेली होती. रिम्मा आली, पण दाराशीच थांबली.

"बस ना," कापितोलिना म्हणाली.

"इथून दिसतंय."

पडद्यावर माणूस तरंगत होता. रिम्मा त्याचे हात बघत होती. कापितोलिनाला मात्र आपल्याच घरात, आपल्याच घामाच्या टीव्हीकडे बघवेना.